आहार-व्यायामाचा सल्ला द्यायला दवाखान्यातल्या लोकांना वेगळं प्रशिक्षण लागतं का? दोन दिवसांच्या शिबिरात काय ठेवावं, पोस्टर कुठली लावावीत?

लागतं. ‘सल्ला द्यायला कसलं ट्रेनिंग, चार गोष्टी सांगायच्या नि पुढचा पेशंट आत घ्यायचा’ असं म्हणणाऱ्या एका डॉक्टरांशी माझं याच विषयावरून वर्षानुवर्षं वाजलंय, म्हणून लिहायला बसले. मी बेळगावात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त.

खानापूरकडची एक मावशी. घरचं शेत, घरचा तांदूळ, त्रिकाळ भातच. कुठल्याशा दवाखान्यात शुगर निघाली, ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी सुरू झाली आणि खुर्चीवरून उठता उठता सल्ला मिळाला: भात बंद, गोड बंद, रोज चालायला जा. हातात इंग्रजीत छापलेला डाएट चार्ट, त्यात ओट्स आणि ब्रोकोली. आमच्याकडे आणली तेव्हा बाई घामानं थबथबलेली, जीभ जड, पोटच्या लेकाला ओळखेना. शुगर पन्नासच्या खाली. तोंडानं काही देण्यासारखी अवस्था नव्हती. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा कुठं डोळे उघडले. सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन रोप लावायला वाकली होती. काय खाल्लंत म्हणून विचारलं तर म्हणाली, “काय खाऊ ओ बाई? भात बंद म्हटले, बंद केलो की. गोळी तेवढी एक दिवस चुकवलो नाही.”

एवढी आज्ञाधारक पेशंट, आणि तीच मरणाच्या दारात! ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तिच्यावर असलेल्या माणसाचा भात काढायचा तर त्या जागी भाकरी किती, मसुराची आमटी किती, जेवण कधी, हे सांगायला हवं आणि डोसही बघायला हवा. हे तिला गोळी देणाऱ्या डॉक्टरांना पुस्तकात शिकवलेलं असणारच. पण “तुमच्याकडे रोज काय शिजतं?” हे विचारायची सवय कुणी लावली नव्हती.

आणि चालायला जा म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले, त्यात शेतातलं नि घरातलं कामही धरलंय. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पांढरे बूट घालून फिरणाऱ्या टिळकवाडीकरांचा सल्ला चिखलात वाकणाऱ्या बाईला कशाला? उलट वडगावातला विणकर दिवसभर मागाशी उभा असतो, ‘माझं काम कष्टाचंच’ म्हणतो, पण चालणं नावाला नाही. त्याला मात्र समजावावं लागतं. कुणाला काय सांगायचं हे त्याचा दिवस कसा जातो ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?

तर तुमचं शिबिर. स्लाइड कमी करा. सगळ्यांना जोडीनं बसवा, एकीनं पेशंट व्हायचं, एकीनं सिस्टर. काल सकाळपासून काय खाल्लं ते विचारायचं, त्यातला एकच बदल पेशंटलाच निवडू द्यायचा, मग “घरी जाऊन सुनेला काय सांगाल?” म्हणून त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि पुढच्या भेटीची तारीख द्यायची. पाच मिनिटांत बसतं. आमच्यात निम्म्या जणी दुसऱ्याच वाक्याला भाषण ठोकायला लागायच्या, ते तिथल्या तिथं थांबवायला कुणीतरी कडक माणूस ठेवा. आशा सेविकांना विसरू नका. त्यांच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका तपासायच्या प्रश्नावलीत, कंबरेचं माप आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, हे दोन्ही असतंच. फॉर्म भरल्यावर पुढं काय बोलायचं, इथं त्या अडतात. आणि चहाबरोबर कुंदा, आमची बेळगावची मिठाई, ठेवू नका. मी असल्या शिबिरात तो खाल्लाय, चांगला होता, पण शोभत नाही.

‘वेळ कुठाय?’ हे माझ्याशी वाद घालणाऱ्या त्या डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. ओपीडीची रांग रस्त्यावर येते, मान्य. मग सिस्टरला एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या! ते त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

एक राहिलंच. इन्शुलिनवरचे, मूत्रपिंडाचे, गरोदर बायका, पायाला जखम असलेले, चालताना छातीत दुखणारे, यांना सिस्टरनं परस्पर काही सांगू नये, आधी डॉक्टरांकडे पाठवावं. हेही शिबिरात शिकवा. दोन दिवस सलग घेऊ नका. दुसरा महिन्याभरानं घ्या, म्हणजे खरे पेशंट पाहून आलेल्या बायका खरे प्रश्न विचारतील. पोस्टरचं शेवटी बघा. पैसे उरलेच तर आधी चांगला वजनकाटा आणि मापाच्या टेपा घ्या.