अमेरिकेत कॉलेजात असताना उन्हाळ्यात म्युझिकल थिएटरचा कोर्स कसा निवडावा?

आधी प्रवेशाची अट बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्री-कॉलेज कोर्ससारखी गाजलेली नावं हायस्कूलच्या मुलांसाठी आहेत. मग खरा प्रश्न उरतो: फी भरून शिकायचं, की समर स्टॉकमध्ये, म्हणजे उन्हाळी नाटक कंपनीत, कोरसमध्ये उभं राहायचं? नाच कच्चा असेल तर कोर्सच घ्या. मात्र रोज किती तास गाणं, किती तास नाच, आणि गाणं एकेकट्याचं ऐकतात की घोळक्यात, हे ईमेल करून विचाराच. माहितीपत्रकातली ब्रॉडवेची नावं फार मनावर घेऊ नका. पाहुणे कधीकधी एका दुपारपुरतेच येतात. ऑडिशन्स हिवाळ्यातच सुरू होतात, मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा असेल तर कॅम्पसबाहेरच्या पगारी कामाआधी कॉलेजकडून सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, मंजूर करून घ्या.