सच्छिद्र आणि तरी उष्णतारोधक? कसं काय बुवा

प्रश्न असा आलाय की पोराच्या विज्ञान प्रोजेक्टात "एअरोजेल सच्छिद्र आणि उष्णतारोधक असतं" असं वाक्य आहे (एअरोजेल म्हणजे बहुतांश हवेनंच भरलेला, एकदम हलका घन पदार्थ), आता भोकं आहेत म्हटल्यावर उष्णता आरपार जाणार ना, मग तिथं सच्छिद्र काढून "पोकळ" लिहावं का.

पोकळ नका लिहू. पोकळ, म्हणजे आपल्या वऱ्हाडीतलं पोकय, हे बांबूला शोभतं, बाहेर भिंत अन् आत सगळी एकच रिकामी जागा. एअरोजेलात तसं नसते, सिलिकाच्या (वाळूत असते तेच) बारीक कणांची जाळी असते अन् तिच्यात ठायी ठायी हवा, काही नमुन्यांत तर ९९ टक्क्यांच्याही वर हवाच. सच्छिद्रच बरोबर आहे (आणि ते सछिद्र नाही, ऱ्हस्व स्वरामागून छ आला की मधात च् लागते, परिच्छेदात लागते तसाच).

घोळ होतो तो शाळेतल्या माठामुळे. माठ सच्छिद्र, म्हणून पाणी पाझरते, हे इतकं डोक्यात बसलेलं असते की सच्छिद्र म्हटलं की आपल्याले गळकंच दिसते. पण शब्दात फक्त छिद्रं आहेत एवढंच सांगितलंय, त्यातून काय जाईल अन् काय अडकेल हे छिद्राच्या मापावर. एअरोजेलाची छिद्रं साधारण २ ते ५० नॅनोमीटरची, अन् नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्याले धडकेपर्यंत सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे इथं तो दुसऱ्या रेणूपर्यंत पोचायच्या आधी भिंतीवरच आपटते, मग उष्णता पुढं द्यायची कोणी? वारा खेळायलेही जागा नाही, अन् जाळी इतकी विरळ की तिच्यातूनही उष्णता फारशी जात नाही. म्हणून ते मोकळ्या स्थिर हवेपेक्षाही चांगलं रोधक ठरते. नासाच्या मंगळावरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स थंडीत गारठू नये म्हणून हेच भरलं होतं.

"हवाबंद" असंही एकानं सुचवलंय, तेही चुकीचं, छिद्रं एकमेकाले जोडलेली असतात, साध्या सिलिका एअरोजेलात पाणी शिरलं तर जाळी कोसळते, म्हणून त्याले पाणी न धरणारं करावं लागते.

आता जेल कायले म्हणतात, हातात घेतलं तर कोरडं ठक्क अन् जोरात दाबलं तर चुरा. तर सुरुवात खरंच ओल्या जेलपासून होते. नुसतं वाळवलं तर ते आकसून चिरते, म्हणून किस्लर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं (१९३१ ची गोष्ट) दाब अन् तापमान इतकं वाढवलं की आतल्या द्रवात अन् वायूत फरकच उरला नाही, मग तो हळूच काढून घेतला, जाळी जशीच्या तशी उभी. वायुजेल वगैरे नवा शब्द बनवायच्या भानगडीत पडू नका, एअरोजेलच ठेवा.

अन् पोरगं भंडारा-गोंदियाकडचं असेल तर प्रोजेक्टात एक ओळ वाढवा, धानाच्या कोंड्याच्या राखेत सिलिका भरपूर असते अन् त्यापासूनही प्रयोगशाळेत एअरोजेल बनवलेलं आहे.