ट्रेमध्ये लावलेली टोमॅटो-मिरचीची रोपं उगवल्यावर आडवी का पडतात?

तुम्ही लिहिलंय की बी छान उगवतं, पण आठ-दहा दिवसांत रोपं लांबट होतात आणि एकेक करून आडवी पडतात. दोनदा असं झालं, तर आता बियाणं बदलू का?

बियाणं बदलू नका. बी उगवलं म्हणजे त्याचं काम झालं. बिघडतंय ते उगवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

आधी पडलेलं एक रोप हातात घ्या आणि खोड मातीला टेकतं तिथे नीट बघा. वरची दोन पानं हिरवीगार असून खाली खोड दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक, ओलसर आणि तपकिरी झालं असेल, तर ती रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे ती होते. खोड खालपर्यंत धड असेल, नुसतं उंच, पांढुरकं आणि लवलवीत असेल, तर त्याला उजेड कमी पडलाय. बहुतेक घरी दोन्ही एकत्र घडतं, कारण सावलीतला ट्रे लवकर सुकत नाही आणि लांबलेल्या कोवळ्या खोडात बुरशी सहज शिरते.

उजेडाचं मी जुन्नर तालुक्यात आत्याच्या रोपवाटिकेत शिकले. तो टोमॅटोचा पट्टा, तिथे रोपं लाखांनी लागतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून बी टाकलं की ट्रे एकावर एक रचतात आणि थप्पीवर प्लास्टिक झाकतात. आत ऊब आणि ओल टिकते, बी एकसारखं फुगतं. तिसऱ्या दिवसापासून आत्या सकाळ-संध्याकाळ प्लास्टिक उचलून बघते. एखाद्या ट्रेत चार-पाच कोंबांनी जरी डोकं वर काढलं, तरी त्याच वेळी थप्पी मोडायची आणि सगळे ट्रे शेडनेटखाली पसरायचे. मागे राहिलेलं बी उजेडात उगवतंच. पण आधी उगवलेलं रोप अंधारात एक रात्र जास्त राहिलं तरी उजेड शोधत लांबतं, आणि एकदा लांबलेलं खोड नंतर आखूड होत नाही.

घरी आपण नेमकं उलटं करतो. सगळे कप्पे उगवेपर्यंत झाकण ठेवतो, मग ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर नेतो. खोलीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. दुपारी ट्रेवर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर जागा चांगली, पुसट पडली तर ट्रे हलवा. पूर्वेच्या गॅलरीतलं सकाळचं ऊन सगळ्यात उत्तम. पहिले दोन-तीन दिवस हिरव्या जाळीखाली, मग रोज थोडं थोडं वाढवत चार-पाच तास थेट ऊन. एक मात्र सांभाळा: प्लास्टिक झाकलेला ट्रे उन्हात कधीच ठेवू नका, आतलं बी उकडून निघतं.

आता पाणी. माझं एकदा जुलैत मिरचीचं जवळजवळ अर्धं ट्रे चार दिवसांत गेलं. रोज संध्याकाळी झारीने पाणी घालत होते, हवा आधीच दमट, कोकोपीट रात्रभर चिंब. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं, कारण बी घरचं, आईच्या परसातल्या झाडाचं होतं. तेव्हापासून पाणी सकाळीच, आणि तेही ट्रे उचलून बघून. ट्रे हाताला हलका लागला तरच. परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे दहा मिनिटं त्यात ठेवायचा, कोकोपीट खालून पाणी ओढून घेतं, खोड कोरडं राहतं. बी टाकताना ओल किती असावी ते मुठीत दाबून बघा: एखाद-दोन थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर जास्त झालं. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, तोच ट्रेलाही हवा.

रोपमर झालेला कप्पा कोकोपीटसकट काढून टाका, आजूबाजूच्या कप्प्यांना दोन दिवस पाणी देऊ नका. ट्रे पुन्हा वापरण्याआधी साबणाने घासून उन्हात वाळवा. कोकोपीट दर वेळी नवं घ्या, आणि त्याची वीट भिजवल्यावर एक-दोनदा धुऊन पाणी फेकून द्या, कारण त्यात क्षार असू शकतात. भरताना थोडी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. ती आधी दिली तरच उपयोगी, रोपं पडायला लागल्यावर तिच्यावर भिस्त ठेवू नका. अर्धवट कुजलेलं शेणखत ट्रेमध्ये अजिबात नको.

बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल नको. दुकानातलं बी गुलाबी-निळं असेल, तर ते औषध लावलेलं. हात धुवा, मुलांना देऊ नका. टोमॅटो साधारण आठवड्यात वर येतो, मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, थंडीत आणखी. म्हणून दोन्ही एकाच ट्रेत लावू नका. टोमॅटोला उघडायची वेळ येते तेव्हा मिरचीला अजून झाकण हवं असतं, आणि तुमच्याकडे बहुधा तिथेच पहिली गडबड होतेय. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच, तेव्हा खरी पानं (पहिल्या दोन पानांनंतर येणारी) फुटली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम एवढंच द्या. मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर यांच्यासाठी ट्रेचा खटाटोप करू नका, ती थेट कुंडीत पेरा.

आत्ता उरलेल्यांपैकी खोड धड असलेले टोमॅटो वाचतील. खरी पानं फुटली की ती रोपं खालच्या दोन पानांपर्यंत मातीत पुरून लावा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे लांबी वाया जात नाही. मिरचीचं तसं होत नाही. लांबलेली मिरची सोडून द्या आणि वेगळ्या ट्रेत नव्याने टाका. मेअखेरीला टाकलीत तर जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुंडीत लावण्याजोगी होते. या खेपेला आठव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून बघा, आणि पहिला वाकडा कोंब दिसला की त्याच वेळी ट्रे गॅलरीत न्या.