पालकांच्या वागण्यामुळे मुलं चिंताग्रस्त होतात का?

थोडा वाटा असतो, पण लोक समजतात तेवढा नाही. २००७ मध्ये मॅक्लाऊड, वुड आणि वाइझ या संशोधकांनी ४७ अभ्यास एकत्र तपासले. मुलामुलांतल्या चिंतेच्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के फरक पालकत्वाशी जोडता आला. म्हणून "आमचंच चुकलं" असं म्हणत कपाळ बडवून घेऊ नका. उपजत बुजरा स्वभाव, आनुवंशिकता यांचाही हात असतो.

त्यातही प्रेम कमी पडण्यापेक्षा मुलाला स्वतःचं स्वतः काही करू न देणं, याचा संबंध जास्त दिसला. दहावीतल्या पोराचं दप्तर आपणच भरायचं, दुकानदाराशी आपणच बोलायचं, "थांब, तुला नाही जमायचं". मूल घाबरलं की आपण धावतो, त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि भीती खरीच होती हे त्याच्या मनात पक्कं होतं. (उलटही घडतं: मूल घाबरट, म्हणून आई जास्त जपते.)

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांच्या, मुलांच्या चिंतेवरच्या 'स्पेस' उपचारपद्धतीत तर फक्त पालकांनाच शिकवतात. २०२० मधल्या चाचणीत ती मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) कमी पडली नाही. मात्र शाळा, झोप, जेवण बिघडलं असेल तर सरळ समुपदेशकाकडे जा.