इतकुसा कोन मोजायचा तरी कसा?

प्रश्न: रुबिडियमच्या वाफेतल्या अणूंचे स्पिन (अणूंची चिमुकल्या चुंबकांसारखी दिशा) एका दिशेला वळवले आणि त्यातून लेझर सोडला की त्याचं पोलरायझेशन, म्हणजे उजेडाच्या कंपनाची दिशा, जरासं फिरतं असं वाचलं. मग दोन पोलरायझर (एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारे) काटकोनात लावून अंधार करायचा आणि किती उजेड गळतो ते बघायचं, झालं की! सगळे 45 अंशांवर का लावतात?

उत्तर: आम्हीही आधी हेच करून बसलो होतो, त्यामुळे हसणार नाही. आकडे बघा. समजा कोन 10 मायक्रोरेडियन आणि लेझर 1 मिलिवॉटचा. काटकोनात गळणारा उजेड कोनाच्या वर्गावर जातो, म्हणजे हातात येणार 0.1 पिकोवॉट, आणि चांगला क्रिस्टल पोलरायझरसुद्धा लाखातला एखादा भाग असाच सोडून देतो म्हणजे 10 नॅनोवॉट, आता त्यात शोधत बसा तुमचा सिग्नल. वर डावीकडे फिरलं की उजवीकडे तेही कळत नाही.

45 अंशांवर पोलरायझेशननुसार उजेड दोन वाटांत विभागणारा बीम स्प्लिटर लावला की उजेड अर्धा-अर्धा वाटला जातो, दोन डिटेक्टर, आणि करायची वजाबाकी. त्याच कोनाला फरक येतो 20 नॅनोवॉट, दिशेसकट! लेझर मध्येच कमीजास्त झाला तरी दोन्हीकडे सारखाच होतो, सो बराचसा कटतो. 1 सेकंदात साधारण 4 गुणिले 10 चा 15 वा घात इतके फोटॉन येतात, त्यांच्या शॉट नॉइजची (फोटॉन सुटेसुटे, अनियमित येतात त्यामुळे होणाऱ्या चढउताराची) मर्यादा 8 नॅनोरेडियनच्या आसपास.

हे कागदावर हं. प्रत्यक्षात सेलच्या (वाफ भरलेल्या काचेच्या डबीच्या) होल्डरचा स्क्रू थोडा जास्त आवळला तरी काचेत ताण येऊन पोलरायझेशन बिघडतं, खिडकीवर बोट ठेवा, रीडिंग सरकत जातं आणि परत यायला वेळ घेतं.

अजून एक, प्रोब लेझर (कोन मोजणारा हाच लेझर) रुबिडियम उजेड शोषतं त्या 795 नॅनोमीटरच्या रेषेवर बरोब्बर ठेवू नका, वाफ उजेड गिळते आणि स्पिनही विस्कटतात. लेझरची फ्रिक्वेन्सी रेषेपासून लांब सरकवली की शोषण त्या अंतराच्या वर्गाने घटतं पण फिरणं फक्त अंतराच्या पटीत, म्हणून लांब राहणंच परवडतं.

आणि तुमचा काटकोन अगदी टाकाऊ नाही. मध्ये फॅरेडे मॉड्युलेटर (चुंबकीय क्षेत्राने पोलरायझेशन फिरवणारा भाग) घालून पोलरायझेशन मुद्दाम डोलवा, मग डोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल कोनाच्या सरळ पटीत येतो आणि लॉक-इन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेगळा काढणारा अॅम्प्लिफायर) तो नेमका उचलतो.