लोक हसले तर?

“फिल्म तयार आहे मॅडम, पण दाखवायची म्हटलं की पोटात गोळा येतो.” समोर समुपदेशनासाठी आलेला २६ वर्षांचा मुलगा. (त्याच्या परवानगीने आणि तपशील बदलून लिहितेय.) मोबाइलवर स्वतःच चित्रित केलेली ११ मिनिटांची फिल्म. आजी लसूण सोलतेय आणि घरातल्यांची नावं आठवू पाहतेय, एवढंच. सोसायटीच्या गच्चीवर चादर बांधून वीसेक जणांना दाखवायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा त्याने पावसाचं कारण पुढे केलं. दुसऱ्यांदा मार्च चालू होता.

लोकांचं आपल्याकडे वाटतं तितकं लक्ष नसतं, हे पटवायला मी मानसशास्त्रज्ञ गिलोविच यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. ओशाळवाणा टी-शर्ट घालून खोलीत जाणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल. आला जेमतेम पाव लोकांच्या. तो म्हणाला, “पण इथे लोक बघायलाच येणारेत.” बरोबर होतं त्याचं. फाळक्यांनीही पहिल्या चित्रपटाआधी वाटाण्याचं रोप वाढताना टिपून मोजक्या लोकांना दाखवलं होतं, म्हटलं. “ते फाळके होते.” मी दाखले देणं थांबवलं.

मग विचारलं, त्या संध्याकाळी तू नेमकं काय करशील? जिन्यात उभा राहून लोकांचे चेहरे न्याहाळणार होता. त्याआधी ‘आवाज नीट नाही, बजेट नव्हतं’ असं सांगून टाकणार होता. अशा पळवाटांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण खेळ चांगला झाला तरी श्रेय त्या माफीला जातं आणि भीती जिथल्या तिथे राहते. म्हणून ठरलं की आधी एकट्या आत्याला दाखवायची, मग चार मित्रांना. गच्चीवर प्रास्ताविक नाही, लोकांमध्येच बसायचं आणि नजर चादरीवर. नंतर ‘कशी वाटली?’ विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे ‘छान’च म्हणतात. ‘कुठे कंटाळा आला?’ विचारायचं. आणि काय होईल असं वाटतंय ते आधी लिहून ठेवायचं. त्याने लिहिलं, “पाच जण उठून जातील. कुणीतरी हसेल.”

पुढच्या भेटीत आल्या आल्या म्हणाला, “म्हटलं नव्हतं?” सातव्या मिनिटाला चौघं उठून गेले होते. का गेले, हे त्याने विचारलंच नव्हतं. विचारून ये, म्हटलं. तिघांकडे नळाला पाणी आलं होतं, चौथीचं बाळ उठलं होतं.

हसण्याचं मात्र खरं निघालं. आजी नातवाला कुत्र्याच्या नावाने हाक मारते तिथे गच्ची हसली. ते त्याला फार लागलं होतं. “हसल्यावर काय झालं?” बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “एकदम शांत झाले सगळे. मागे कुणीतरी नाक ओढलं.”

सुरुवातीचं दोन मिनिटांचं आभाळ सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटलं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. “ते मलाही माहीत होतं,” म्हणाला.

त्याची भीती फिल्मपुरती होती, म्हणून चार-पाच भेटींत भागलं. चारचौघांत जेवणं, फोन उचलणंही टळत असेल, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवते.

आभाळ कापून झालंय. पाण्यासाठी उठलेल्या तिघांनी उरलेली फिल्म बघायची म्हणून पुन्हा खेळ लावायला सांगितलंय. या वेळी तारीख ठरवण्याआधी त्याने वॉचमनला पाण्याची वेळ विचारून घेतली.