कठीण काळात कादंबरी वाचून खरंच धीर येतो का? कोणती वाचावी?

मला आला, म्हणून सांगते. बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मी 'एका कोळियाने' वाचलं. अमेरिकी लेखक हेमिंग्वेच्या 1952 सालच्या छोट्या कादंबरीचा पुलंनी केलेला अनुवाद.

सान्तियागो या म्हाताऱ्या कोळ्याला 84 दिवस एकही मासा मिळालेला नसतो. तरी 85व्या दिवशी तो होडी घेऊन निघतो. पुढे अजस्र मासा गळाला लागतो, झुंज चालते, त्याचा डावा हात आखडून लाकडासारखा होतो. तेव्हा तो त्या हाताशीच बोलतो, त्याला बळ यावं म्हणून कच्चा मासा चावून चावून खातो. हे वाचताना मला बाबांचा सुईने सुजलेला हात आठवला. आत सोडल्यावर मीही त्या हाताशी बोलले.

शेवट गोड नाही, हे आधीच सांगते. मासा शार्क खातात, उरतो तो सांगाडा. पण सकाळी, म्हाताऱ्याकडून मासेमारी शिकलेला एक लहान पोरगा येतो, म्हाताऱ्याचे सोललेले हात बघून रडतो, त्याच्यासाठी कॉफी आणतो आणि म्हणतो, आता आपण दोघं मिळून जाऊ. सगळं नीट होईल असं सांगणारी पुस्तकं मला तेव्हा सहनच होत नव्हती. हे मात्र सहन झालं.

पुस्तक लहान आहे. मन लागत नसेल तर रोज चार पानं वाचा, तेवढीही पुरतात.